गाव गेले, दप्तर राहिले

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफक परगण्यात, डनिच नावाचे एक खेडे आहे. वस्ती शंभराच्या आसपास. एक मुख्य रस्ता, एक पब, एक चर्च आणि एका जुन्या घरात थाटलेले छोटे संग्रहालय. चालत निघालात तर अर्ध्या तासात गाव संपते आणि समोर समुद्र येतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या गावाची चित्र-पोस्टकार्डे छापली जात. विषय एकच, कड्यावरचे ऑल सेंट्स चर्च. आधीच्या चित्रात चर्च सबंध दिसते, छप्पर तेवढे नाही. पुढच्या चित्रात एका बाजूची भिंत गेली आहे. मग निम्मे चर्च, मग फक्त मनोरा, मग मनोऱ्याचा एक कोपरा. १९०४ साली पहिला भाग कड्यावरून खाली गेला आणि १९१९ मध्ये उरलेसुरले संपले. चर्चभोवतीच्या दफनभूमीतली हाडे कड्याच्या मातीतून बाहेर डोकावत आणि भरतीबरोबर वाहून जात. पोस्टकार्डे ओळीने मांडली की पंधरा वर्षांची पडझड एका नजरेत येते.

समुद्राने नेलेले हे डनिचचे पहिले चर्च नव्हते. ऑल सेंट्स हे शेवटचे.

विल्यम राजाने १०८६ साली इंग्लंडभर मोजणी करवून जी जमाबंदी लिहवली, तिला डूम्सडे बुक म्हणतात. त्यात डनिचची नोंद आहे. अभ्यासकांच्या हिशेबाने तेव्हा इथे तीनेक हजार माणसे राहत. त्या काळी हे मोठे शहर झाले. साऱ्यात हेरिंग मासे मोजले जात आणि त्यांचा आकडा साठ हजारांच्या घरात जाई. त्याच नोंदीत आणखी एक ओळ आहे. पूर्वी इथे दोन नांगरांची जमीन होती, आता एकच आहे, दुसरी समुद्राने नेली. म्हणजे शहर भरात असतानाच समुद्राने आपला वाटा उचलायला सुरुवात केली होती.

११९९ साली जॉन राजाने डनिचला सनद दिली आणि ते ‘बरो’ झाले. बरो म्हणजे सनदी नगर. आपला बाजार आपण भरवायचा, आपला न्याय आपण करायचा, आपला शिक्का आपण उमटवायचा आणि राजाला एकरकमी खंड भरून मोकळे व्हायचे. डनिचच्या शिक्क्यावर जहाज होते, आणि ते योग्यच होते. बंदर होते म्हणून शहर होते. मासळी, लोकर, दारू, मीठ सगळा व्यापार बंदराच्या खाडीच्या तोंडातून चाले.

शहर बुडवले त्याच खाडीने आणि त्याच किनाऱ्याने. डनिचचा कडा खडकाचा नाही. भुसभुशीत वाळूचा आहे. लाट पायथा खाते आणि वरचा भाग आपल्याच वजनाने खाली येतो. दुसरीकडे समुद्राचा प्रवाह किनाऱ्यालगत वाळू आणि गोटे ढकलत राहतो आणि खाडीच्या तोंडाशी त्यांचा बांध घालतो. १२८६ च्या वादळाने शहराचा मोठा लचका तोडला, पुढच्याच वर्षी पुन्हा तडाखा बसला, आणि १३२८ च्या वादळात बंदराचे तोंड असे बुजले की खाडीला मिळणाऱ्या नदीने उत्तरेकडे नवी वाट काढली. घरे गेली ती पुन्हा बांधता आली असती, बंदर गेले ते परत आणता आले नाही. व्यापारी उठून गेले. उरलेल्या लोकांना कड्याचा पायथा बांधण्यात रस उरला नाही, आणि तेवढा पैसाही उरला नाही. राल्फ एगस नावाच्या मोजणीदाराने १५८७ साली शहराचा नकाशा काढला, तोवर निम्म्याहून अधिक शहर पाण्यात होते.

त्या नकाशाची कहाणी ऐकण्यासारखी आहे. साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी तो आधुनिक नकाशावर बसवला, ध्वनिलहरींनी समुद्रतळ चाचपला आणि २०१३ मध्ये बुडालेल्या शहराचा आराखडा जाहीर केला. तिथले पाणी इतके गढूळ आहे की पाणबुड्याला हातभर अंतरावरचे दिसत नाही. म्हणून डोळ्यांऐवजी आवाजाने पाहावे लागले. चर्चच्या भिंतींचे ढिगारे सापडले ते बव्हंशी एगसने दाखवले होते त्याच ठिकाणी. वादळी रात्री पाण्याखालून घंटा ऐकू येतात अशी तिथली आख्यायिका आहे. घंटा बहुधा चर्च पडायच्या आधीच काढून विकल्या गेल्या असतील, पण आख्यायिकेला हिशेब विचारायचा नसतो.

या लेखाचा विषय मात्र घंटा नाही. विषय आहे तो पुढचा, जरा रुक्ष वाटणारा प्रश्न. शहर पाण्यात गेले. त्या शहराची मालमत्ता कोणाची?

न मरणारी संस्था

शहर बुडत गेले तरी बरो बुडाली नाही. सनदेने निर्माण झालेली नगरसंस्था ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती असते. आपल्याला ही कल्पना परकी नाही. देवस्थानच्या सातबाऱ्यावर देवाचे नाव असते. पुजारी बदलतो, गुरव बदलतो, वहिवाट करणारी घराणी बदलतात, जमीन देवाची ती देवाचीच राहते. इंग्रजी नगरसंस्थाही तशीच. माणसे मरतात, संस्था मरत नाही.

त्यामुळे डनिचमध्ये एक विचित्र देखावा उभा राहिला. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून हे नगर पार्लमेंटमध्ये दोन सभासद पाठवत होते. नगर गेले तरी हा हक्क सनदेतून खोडला गेला नाही. १८३२ साली डनिचला जेमतेम तीस-बत्तीस मतदार होते आणि त्यांचे दोन सभासद होते. त्याच वेळी मँचेस्टर, बर्मिंगहॅम आणि लीड्स या गिरण्या-कारखान्यांनी फुगलेल्या शहरांना स्वतःचा एकही नव्हता. असल्या जागांना इंग्रजीत ‘कुजके बरो’ म्हणत. मतदार मूठभर आणि बहुतेक एखाद्या जमीनदाराच्या मुठीत.

या कुजक्या जागांची आपल्या इतिहासाशीही गाठ पडते. आइल ऑफ वाइट बेटावरचे न्यूटाउन असेच नावापुरते उरलेले नगर. जॉर्ज कॅनिंग १७९३ साली पहिल्यांदा पार्लमेंटमध्ये गेला तो तिथून. १८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या लंडनच्या मंडळाचा अध्यक्ष हाच कॅनिंग होता. विल्टशरमधल्या मामस्बरी नगरात मतदार होते तेरा. तिथून १८१८ ते १८३२ या काळात निवडून येत राहिला तो सर चार्ल्स फोर्ब्स, मुंबईच्या फोर्ब्स कंपनीचा मालक. फोर्टातला फोर्ब्स स्ट्रीट आठवा. पार्लमेंटमध्ये तो हिंदी लोकांची बाजू मांडत असे. मुंबईकरांनी पुढे वर्गणी काढून त्याचा पुतळा चँट्री या नामांकित शिल्पकाराकडून करवून घेतला. एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये तो आहे. तेरा मतांवर निवडून आलेल्या माणसाच्या पुतळ्याचे पैसे भरले ते एकही मत नसलेल्यांनी.

१८३२ च्या सुधारणा कायद्याने ५६ बरोंचे सगळे सभासद काढून घेतले. त्यात डनिच होते, न्यूटाउन होते, शेजारचे ऑरफर्ड होते. मामस्बरीचा दोनांतला एक सभासद गेला. १८३५ मध्ये दुसरा कायदा आला आणि १७८ मोठ्या नगरांत निवडून आलेल्या पालिका सुरू झाल्या. पण ज्यांची दखल घ्यावी इतके मोठे कोणी समजले नाही अशी शंभरेक लहान नगरे तशीच सुटली. ना मोडली, ना सुधारली. पुढची पन्नास वर्षे ती आपापल्या पद्धतीने चालत राहिली. कुठे जमिनीचा खंड यायचा, कुठे बाजाराची पट्टी, आणि त्यावर वर्षातून एकदा जंगी जेवणावळ उठायची. जाब विचारणारे कोणी नव्हते.

१८७६ मध्ये या उरलेल्या नगरांसाठी चौकशी आयोग बसला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला, १८८३ मध्ये कायदा झाला. कायद्याने तारीख ठरवून दिली: २५ मार्च १८८६. त्या दिवशी डनिचची नगरसंस्था कायद्याने संपली. समुद्राला सहाशे वर्षांत जे जमले नव्हते ते एका कायद्याने एका दिवसात केले.

वारस कोण?

माणूस मेला की वारस पुढे येतात. संस्था मेली तर? तिच्या नावावर काय काय होते ते आधी पाहू. थोडीफार जमीन, काही ठिकाणी धक्का आणि बाजाराची जागा, एखादा टाउन हॉल. नगराध्यक्षापुढे मिरवायचा चांदीचा दंड. शिक्के. राजाच्या सनदा, जुनी खतावणी, न्यायसभेच्या नोंदी. हे सगळे सरकारजमा करता आले असते. लिलावही करता आला असता. आणि काही ठिकाणी, सावध नजर नसती तर, जुन्या सभासदांनी आपापसांत वाटूनही घेतले असते.

इथे इंग्रजी कायद्याच्या भात्यातला एक जुना बाण कामी आला. तो म्हणजे धर्मादाय न्यास. आपण सरसकट ट्रस्ट म्हणतो तो. त्यात मालकीचे दोन भाग होतात. कागदावर मालमत्ता विश्वस्तांच्या नावे, पण तिचा उपभोग मात्र त्यांचा नाही. तो ज्या हेतूसाठी न्यास केला त्या हेतूचा. विश्वस्ताच्या हाती किल्ली असते, पेटी त्याची नसते.

आता जुना टाउन हॉल किंवा धक्का सांभाळणे हा ‘धर्मादाय’ हेतू कसा, अशी शंका येईल. धर्मादाय म्हटले की आपल्यापुढे अन्नछत्र आणि पाणपोई येते. इंग्लंडमध्ये या प्रश्नाचे उत्तर १६०१ साली, एलिझाबेथ राणीच्या काळात, कायद्याच्या प्रस्तावनेत देऊन ठेवले होते. त्या यादीत गरिबांना मदत आहे, शाळा आहेत, आणि त्याच दमात पूल, बंदरे, रस्ते, चर्च आणि समुद्राचे बांध यांची दुरुस्तीही आहे. म्हणजे ज्याने सगळ्या गावाचे भले होते ते दान. १८९१ मध्ये लॉर्ड मॅकनॉटन या न्यायाधीशाने एका खटल्यात या सगळ्याची चार कप्प्यांत विभागणी केली: गरिबी निवारण, शिक्षण, धर्म, आणि समाजाच्या हिताची इतर कामे. हा चौथा कप्पा म्हणजे घरातले माळ्यावरचे गाठोडे, बाकी कुठे बसत नाही ते त्यात बसते. जुन्या नगरांचा वारसा तिथे बसला.

तपासणीस म्हणून धर्मादाय आयोग १८५३ पासून होताच. १८८३ च्या कायद्याने त्याला सांगितले की ज्या नगरसंस्था मोडतील त्यांच्या मालमत्तेसाठी योजना तयार करा. योजना म्हणजे न्यासाची घटना: विश्वस्त किती, कोण नेमणार, उत्पन्न कशावर खर्च करायचे, काय विकायला परवानगी लागेल. अशा रीतीने इंग्लंडच्या नकाशावर ‘टाउन ट्रस्ट’ नावाच्या संस्था उगवल्या. डनिचला डनिच टाउन ट्रस्ट मिळाला. ऑरफर्डला तिथला टाउन ट्रस्ट. नगराध्यक्ष गेला, नगरसभा गेली, पण ज्याच्यासाठी ती होती ते सामाईक धन गावातच राहिले.

चार प्रकारचे धन

अशा न्यासांकडे साधारण चार प्रकारचा ऐवज असतो, आणि प्रत्येक प्रकाराची तऱ्हा वेगळी.

पहिला प्रकार जमिनीचा. यात मामस्बरीचे उदाहरण सर्वांत जुने. दहाव्या शतकातल्या ॲथेल्स्टन राजाला डेन लोकांशी लढताना मामस्बरीकरांनी मदत केली आणि त्याने खूश होऊन त्यांना गावाबाहेरचा माळ दिला, अशी तिथली परंपरा सांगते. राजा ९३९ मध्ये वारला. तिथल्या मठाच्या चर्चमध्ये त्याची समाधी आहे, आत अस्थी मात्र नाहीत. माळ आहे, सुमारे ६०० एकर. १८८६ मध्ये गावाला नवी निवडलेली पालिका मिळाली तेव्हा जुन्या नगरसंस्थेने हा माळ तिच्या स्वाधीन केला नाही. जुनी मंडळी ‘वॉर्डन अँड फ्रीमेन’ या नावाने वेगळी राहिली आणि माळ त्यांच्याकडेच आहे. नव्या हक्कदाराला ताबा देताना गवताचे ढेकूळ आणि झाडाची डहाळी वापरतात. दस्तऐवज लिहिता-वाचता येण्याआधीच्या काळातली ही रीत. आपल्याकडे दान देताना हातावर पाणी सोडतात, त्याच कुळातली.

दुसरा प्रकार इमारतींचा. जमीन खंड देते, इमारत पैसे खाते. न्यूटाउनचा टाउन हॉल हे याचे उदाहरण. विटा आणि दगडाची ही देखणी इमारत सतराव्या शतकाच्या अखेरची. आजूबाजूला शहर नाही, शेत आहे. नगरसंस्था गेल्यावर इमारत मोडकळीला आली आणि गावात तिला पैसे पुरवणारे कोणी नव्हते. तिला वाचवले ते ‘फर्ग्युसन्स गँग’ नावाच्या टोळीने. ही टोळी म्हणजे मुखवटे घालून वावरणाऱ्या काही तरुण बायका. ‘बिल स्टिकर्स’, ‘रेड बिडी’ अशी टोपणनावे घेऊन त्या जुन्या वास्तूंसाठी पैसे गोळा करत आणि अशा वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या कचेरीत नाट्यमय रीतीने आणून टाकत. एकदा तर अननसात नोट लपवून पाठवली होती. १९३३ साली त्यांनी न्यूटाउनचा टाउन हॉल सोडवून नॅशनल ट्रस्टच्या हवाली केला. टोळीची म्होरकी पेगी पोलार्ड ही केंब्रिजला संस्कृत आणि पाली शिकलेली, त्यात अव्वल आलेली बाई. हे टोपणनावामागचे नाव जगाला कळायला पुढे अनेक वर्षे जावी लागली.

तिसरा प्रकार मिरवायच्या वस्तूंचा: दंड, साखळ्या, शिक्के, चांदीचे पेले. यांना बाजारभाव असतो म्हणून धोकाही जास्त. १ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडने स्थानिक कारभाराची पुन्हा एकदा मोडतोड केली आणि राहिलेल्या जुन्या बरोही गेल्या. जिथे लहान नगरपरिषदही उरली नाही तिथे ‘चार्टर ट्रस्टी’ नेमले गेले. त्यांचे मुख्य काम सनद आणि तिच्याबरोबरच्या वस्तू सांभाळणे आणि नगराध्यक्षपद चालू ठेवणे. म्हणजे १८८६ चा पेच नव्वद वर्षांनी पुन्हा उभा राहिला आणि उत्तरही तसेच निघाले: कारभार कोणाकडेही जावो, ठेव सांभाळणारा हात वेगळा हवा.

चौथा प्रकार कागदांचा, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. डनिचबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे त्यातले बरेच कागदांतून आले आहे. टॉमस गार्डनर याने १७५४ मध्ये डनिचचा इतिहास छापला. वादळाने उघडी पडलेली थडगी आणि पाये त्याने लिहून ठेवले. बंदराचे तंटे, खंडाच्या मागण्या, राजाकडे केलेले ‘गाव बुडाले, सारा कमी करा’ असे अर्ज, या सगळ्यांतून कोणत्या दशकात किती गेले हे जुळवता येते. विटा समुद्राने नेल्या, अर्ज मात्र कोरडे राहिले. समुद्रतळावर ध्वनियंत्र फिरवणाऱ्यांना कुठे फिरवायचे हे सांगितले ते एका चारशे वर्षे जुन्या कागदाने. दप्तर राखले नसते तर यंत्र आंधळे होते.

न्यास चालतो कशावर

वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे देणगीदारांच्या पाट्या आणि उद्घाटने येतात. या न्यासांचे रोजचे जिणे त्याहून साधे. कुठे शेतजमिनीचा खंड, कुठे दोन घरांचे भाडे. ऑरफर्डला दुसऱ्या हेन्रीने ११६५ ते ११७३ मध्ये बांधलेला किल्ला प्रसिद्ध आहे, पण तिथल्या टाउन ट्रस्टचा आधार किल्ला नाही, गावचा धक्का आहे. होड्या लागतात, लोक गाड्या लावून समुद्र पाहतात, त्याचा पैसा येतो आणि त्यातून गावची सामाईक मालमत्ता राखली जाते. ज्या न्यासाला असा लहान पण नियमित झरा आहे तो टिकतो. ज्याला नाही त्याच्यावर न्यूटाउनची पाळी येते, मग मुखवट्यातल्या बायका येतील याची वाट पाहायची.

विश्वस्त बहुधा गावातलेच, आणि बिनपगारी. न्यासातून स्वतःचा फायदा करून घ्यायचा नाही, हिशेब दरवर्षी दाखल करायचा, महत्त्वाची जमीन विकायची तर नियम पाळून आणि योग्य किमतीचा सल्ला घेऊन, असा सगळा बांधलेला व्यवहार. धर्मादाय न्यासाला मुदत नसते. खासगी इस्टेट पिढ्यान् पिढ्या बांधून ठेवायला कायदा आडकाठी करतो, न्यासाला ती मुभा देतो, कारण फायदा एका घराण्याचा नाही.

आणि हेतूच संपला तर? पुलासाठी ठेवलेली रक्कम आहे आणि नदीनेच पात्र बदलले, तर पैसे कोणाला परत करायचे? तिथे ‘सी-प्रे’ नावाचा जुना नियम लागतो. मूळ शब्द नॉर्मन फ्रेंच, अर्थ ‘शक्य तितके जवळ’. मूळ हेतू अशक्य झाला तर त्याच्या सर्वांत जवळचा हेतू शोधायचा. ज्या गावाच्या नदीने खरोखरच पात्र बदलले आणि ज्याचे रस्तेच समुद्रात गेले त्या डनिचमध्ये हा नियम पुस्तकी वाटत नाही.

या व्यवस्थेत खोटही आहे. विश्वस्त पुष्कळदा एकमेकांना नेमतात, गावाने निवडून दिलेले नसतात. १८३५ च्या सुधारकांना जुन्या नगरसंस्थांत जे खटकले होते, चार घरांतलीच माणसे आलटून पालटून, ते न्यासाच्या रूपाने मागच्या दाराने परत येऊ शकते. शंभर वस्तीच्या गावात तर दरवेळी नवे विश्वस्त आणायचे कुठून हाही प्रश्नच. आणि सर्वांत मोठी खोट ही की न्यास मालमत्ता राखू शकतो, किनारा राखू शकत नाही.

डनिचला याची जाणीव पहिल्यापासून आहे. तिथे फ्रान्सिस्कन साधूंचा ग्रेफ्रायर्स नावाचा मठ होता. पहिली जागा समुद्राने गिळायला घेतली तेव्हा १२९० च्या सुमारास त्यांनी आत सरकून नवा बांधला. आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये मठ बंद केला. पुढे त्याच इमारतीत कोणी राहिले, आणि शहरातल्या जागा एकेक करून गेल्यावर नगरसंस्थेने तिथेच आपली सभा आणि तुरुंगही थाटला. आज दोन दरवाजे, एक मोठी पडकी भिंत आणि भोवतीची तटबंदी उरली आहे. तीही स्थानिक न्यासाकडे. भिंतीचे सांधे भरले जातात, गवत कापले जाते, आणि पूर्वेकडून कडा जवळ येत राहतो. ऑल सेंट्सच्या मनोऱ्याचा एक टेकूचा खांब वेळीच उचलून आतल्या सेंट जेम्स चर्चच्या आवारात नेऊन उभा केला आहे. सगळे वाचत नाही हे कळल्यावर जे उचलता येते ते उचलायचे, उरलेल्याचे मोजमाप घ्यायचे, नोंद करायची. १९७२ साली उघडलेल्या संग्रहालयात मध्ययुगीन डनिचची लहान प्रतिकृती मांडली आहे. गावातली मुले जिथे कधीच चालू शकणार नाहीत त्या गल्ल्या तिथे पाहतात.

आपल्या दारचे

हे सगळे साता समुद्रापलीकडचे म्हणून सोडून देता येत नाही, कारण कायद्याचा तोच धागा आपल्या दारात येऊन पोचला आहे. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा, ज्याला आता महाराष्ट्राचे नाव आहे, धर्मादाय हेतूंची व्याख्या करताना गरिबी निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत यांच्याबरोबर सार्वजनिक उपयोगाची इतर कामे असा कप्पा ठेवतो. एलिझाबेथच्या यादीतले तेच गाठोडे. आणि त्याच कायद्याचे कलम ५५ हे ‘सी-प्रे’चे आहे. डनिचचा पेच उद्या आपल्या एखाद्या गावात आला तर न्यायालय हेच कलम उघडेल.

आपल्याकडेही शंभरी ओलांडलेली वाचनालये आहेत, धर्मशाळा आहेत, नगर वाचन मंदिरे आणि घाटांच्या संस्था आहेत. त्यांच्या नावावर काय आहे ते धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतल्या नोंदवहीत लिहिलेले असते. तिथल्या भाषेत शेड्युल वन, किंवा पीटीआरचा उतारा. विश्वस्त वारले, बदलले, की चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. पुष्कळ ठिकाणी तो वर्षानुवर्षे झालेला नसतो आणि कागदोपत्री विश्वस्त म्हणून दिवंगत आजोबाच कारभार पाहत असतात. मग एके दिवशी जागेला भाव येतो, कोणीतरी बांधकामाचा प्रस्ताव घेऊन येते, आणि तेव्हा लक्षात येते की जुनी हस्तलिखिते, पहिल्या सभेचे इतिवृत्त, देणगीदाराने दिलेले घड्याळ यांतले काहीच नोंदीत नाही. नोंदीत नसलेली वस्तू हरवली तर चोरी झाली हेही सिद्ध होत नाही.

समुद्र आला म्हणून डनिच बुडाले, त्यात कोणाचा दोष नव्हता. आपल्याकडची बरीच दप्तरे वाळवीने, पावसाने आणि बदललेल्या कुलपांनी बुडतात. तुमच्या गावच्या जुन्या संस्थेच्या नोंदीचा उतारा मागवायला एक अर्ज आणि थोडी फी लागते. या महिन्यात तो मागवा, आणि कपाट उघडून एकेका ओळीवर बोट ठेवून आत काय आहे ते मोजा.